बनातली बोळवण

लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझ्या आंदणात एक लोखंडी शेगडी होती. बाकीच्या मुली हंडे-कळशा मिरवत सासरी येत. मी बैलगाडीत ती शेगडी मांडीशी धरून बसले होते, जशी काही पालखीतली मूर्ती. खामगावला आमच्याकडे सगळा स्वयंपाक कोळशावर व्हायचा. आई शेगडी पेटवून दारात ठेवायची, धूर बाहेर निघून जायचा आणि मग निखारे आत यायचे, शहाण्या पाहुण्यासारखे, आवाज न करता. सातवी फायनल झालेली, पायात चपला, आणि सासरी जाऊन सगळ्या गावाचा धूर आपण बंद करणार ही डोक्यात हवा. आता ती पोरगी आठवली की तिच्या डोक्यात एक टपली मारावीशी वाटते.

गाव मोताळ्याच्या बाजाराला धरून, डोंगराच्या पायथ्याशी. महाराष्ट्र नवाच झाला होता. म्हाताऱ्या लोकांना ते अजून नीट उमजलं नव्हतं. सरकारी काम निघालं की ते 'नागपूरले जा लागते' म्हणायचे आणि त्यांची पोरं 'बाबा, आता मुंबई' म्हणून त्यांना दटावायची. मुंबई असो की नागपूर, आमच्या चुलीत पऱ्हाटीच. कापूस वेचून संपला की उपटलेली ती वाळकी झाडं. भपकन पेटायची, क्षणात विझायची, आणि मधल्या वेळात धूर एवढा की मला भाकरी दिसायची नाही आणि भाकरीला मी. गावात कोळसा मिळत नव्हता. माझी शेगडी कोपऱ्यात बसून राहिली. सासूबाईंनी तिच्यात कांदे ठेवले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. मामाजी गावचे सरपंच. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, आणि बोलणं असं तोलून की शब्द वजनावर विकत असावेत. आत्याबाई त्यांच्यासमोर बोलतच नसत. म्हणजे 'पाणी ठेवलं' आणि 'जेवण झालं' एवढंच, तेही भिंतीकडे पाहून. पहाटे मी उठायच्या आधी त्या उठलेल्या, रात्री माझ्यानंतर निजलेल्या. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली इतका ओढलेला की केस काळे की पांढरे ते मला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं.

ते मला कळलं बनात.

बन गावाच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या वळणावर. अंजन, धावडा, बेहडा, आणि खाली झिऱ्याच्या काठावर एक उंबर, ज्याला चार बायकांनी हात धरून विळखा घातला तरी हात पुरत नसत. मधोमध शेंदूर फासलेला तांदळा. ना मूर्ती, ना डोळे, नुसता दगड. त्या देवीला बनमाय म्हणत. तिच्यावर छप्पर नव्हतं आणि कधी कुणी घातलंही नव्हतं. बनमाय ही गावाचीच लेक, सासरहून परत आलेली. कुणी सांगे रुसून आली, कुणी सांगे सासरच्यांनी हाकलली. गावात शिरायची लाज वाटली म्हणून वेशीबाहेर झाडांत बसली ती बसलीच. म्हणून त्या झाडांना कुऱ्हाड लावायची नाही. वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. बनातून निघताना प्रत्येकीने सीमेच्या दगडापाशी पदर झटकायचा, चुकून एखादं पान अडकून बाहेर जायला नको.

आणि वैशाखातल्या मंगळवारी बन फक्त बायकांचं.

पहिल्या मंगळवारी मी निघाले ती हातात झाडू घेऊन. देवीची जागा, आपण शिकलेल्या, स्वच्छता आपणच शिकवायची. आत गेले आणि पाहते तर जमिनीवर पाचोळ्याचा हा थर, पाय घोट्यापर्यंत आत. मी कमरेला पदर खोचला आणि झाडायला लागले. तांदळ्याभोवतीची हातभर जागा साफ केली आणि कौतुकाच्या आशेने मागे पाहिलं. सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या जशी मी देवीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं होतं. आणि झालंही तेच होतं.

"काय वं," गावची सुईण म्हणाली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई ती, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. "झाडं झाडून राह्यली का आता?"

आत्याबाई पुढे आल्या. माझ्या हातातला झाडू घेऊन त्यांनी एका खोडाला टेकवून ठेवला आणि मी गोळा केलेला पाचोळा दोन्ही हातांनी उचलून पुन्हा पसरला. "तिची वाकय हाय ते," त्या म्हणाल्या. "पांघरलेली वाकय कोणी झाडते का?"

मग त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला. केस पांढरे होते, दाट होते, आणि कमरेपर्यंत होते. बाकीच्या बायकांचेही पदर खाली आले. कुणी पाय पसरले, कुणी आडवी झाली, कुणी दुसरीच्या केसांतल्या उवा काढायला बसली. मी एकटी तिथे पदर घट्ट धरून उभी, जशी फोटो काढायला आलेली.

"बस वं," आत्याबाई म्हणाल्या. "अन् इथं मले आत्याबाई म्हणू नको. बनात सासर नसते. आपण दोघी बी गावच्या लेकी. तू म्हण."

कुणी मला असं म्हणावं आणि मी लाजावं? छे. दुसऱ्याच क्षणी माझ्या तोंडातून निघालं, "तू भाजीत तिखट फार टाकतेस."

बायका खदाखदा हसल्या. आत्याबाईंनी एक भुवई वर केली. "अन् तुही भाकर? ते भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?"

त्या दुपारी आम्ही एकमेकींना इतकं बोललो की घरी बोललो असतो तर दोन चुली झाल्या असत्या. ऊन उतरल्यावर सगळ्या उठल्या. सीमेच्या दगडापाशी आत्याबाईंनी पदर झटकला, डोक्यावर घेतला, कपाळाखाली ओढला आणि त्याच तोंडाने, पण अगदी निराळ्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, "चला सूनबाई, म्हशीचं पाहा."

मला वाटलं, काय खुळ्या बायका आहेत या. खेळ खेळतात. खेळ आवडला, पण खेळच वाटला.

त्याच महिन्यात कोळशाचा ठेकेदार आला. डोंगराच्या उतारावरची झाडं त्याने घेतली होती आणि तिथे त्याच्या भट्ट्या लागल्या होत्या. दिवसभर डोंगराच्या अंगातून धूर निघायचा, जसा ताप भरलाय. त्याची नजर बनावर गेली ती तिथल्या जुन्या, जाड धावड्यामुळे. धावड्याचा कोळसा जड, जास्त वेळ टिकणारा, शहरात हवाहवासा. नुसतं 'झाडं द्या' म्हणाला असता तर गावाने त्याला पाणीही विचारलं नसतं. पण माणूस हुशार. तो म्हणाला, "तुमची देवी उघड्यावर बसली आहे, मला बघवत नाही. मी तिला पक्कं देऊळ बांधून देतो. दगडी जोतं, कळस, पुढे ओटा. झाडं तेवढी माझी."

मामाजींना ते पटलं. आजूबाजूच्या गावांत पक्की देवळं होत होती. आपल्या देवीला छप्पर नाही याची त्यांना मनापासून खंत होती, लबाडी नव्हती त्यात. आजपर्यंत आपण तिला उन्हापावसात ठेवली, असं ते म्हणत आणि त्यांचा आवाज जड होई. गावात एक-दोन म्हातारे 'तिले छप्पर सोसत नाई' असं पुटपुटले, पण कळसापुढे पुटपुटणं कोण ऐकतं.

आणि मी? मी तर हवेत. देऊळ होणार, स्वच्छ फरशी होणार, आणि मुख्य म्हणजे गावात कोळसा येणार. मी शेगडीतले कांदे काढून टोपलीत ठेवले. शेगडी राखेने घासली. नवऱ्याला म्हटलं, "बघा, आता तुमच्या गावाला सुधारणा येते." तो गरीब माणूस 'हो' म्हणाला. त्याला मी काहीही सांगितलं तरी तो 'हो'च म्हणायचा. पुढे आयुष्यभर मी त्याचा गैरफायदा घेतला, तो वेगळा विषय.

पुढच्या मंगळवारी बनात आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. तेल लावत होत्या. बोटं नेहमीसारखी चालत नव्हती, मध्येच थांबत होती.

"तुले देऊळ पाह्यजे?" त्यांनी विचारलं.

"का नको? चांगलंच आहे की. आणि कोळसा पण मिळेल."

"कोयसा," त्या म्हणाल्या, आणि तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग हळूहळू म्हणाल्या, "देऊळ झालं की पुजारी येईन. पुजारी आला की दार येईन. ओट्यावर मानसं बसतीन पत्ते कुटत. मग आपण कशे यायचे? डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून, नारळ ठेवून परत. देवळात सून जाते वं. बनात लेक जाते."

"तुला माहेर आहे ना? तिकडे जा की चार दिवस." मी हे किती सहज म्हटलं असेल! त्या वयात जीभ आधी चालते, डोकं मागून चपला शोधत येतं.

"माय मेली, बाप मेला. भावानं शेत इकलं अन् गेला सुरतेकडे गिरणीत. त्या घरात आता दुसऱ्याचे बैल बांधते." बोटं पुन्हा चालू लागली. "मले हेच माहेर हाय. इथून उठवलं तर मी कुठी बसू, सांग बरं?"

मी सांगितलं नाही. मी त्या वेळी मनातल्या मनात शेगडीवर पुरणपोळी भाजत होते.

देवळाची जागा आखायची आणि ठेकेदाराला शब्द द्यायचा म्हणून गावाची बैठक ठरली. बैठका नेहमी पारावर व्हायच्या. पण वैशाखाचं ऊन असं की पाराचा दगड तव्यासारखा तापलेला. कुणीतरी म्हणालं, बनातच बसू, गार आहे, जागाही समोर दिसेल. सगळ्यांना ते बरोबर वाटलं. सावली तोडायची बैठक त्याच सावलीत बसून करायची, यात काही विचित्र आहे हे एकाही पागोट्याच्या लक्षात आलं नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे तो मंगळवार होता.

आम्ही बायका आधीच आत होतो. पुरुष येताना दिसले तशा आम्ही उठून एका बाजूला उंबराकडे सरकलो. सवयीने काहींचे हात पदराकडे गेले. सुईण म्हातारीने हातातली काठी जमिनीवर आपटली. "खबरदार," ती म्हणाली, "डोक्यावर घेसान तर! ते आपल्या बनात आले, आपण त्यायच्या घरी नाई गेलो."

मामाजी, पंच, ठेकेदार, मागे निम्मं गाव. चपला दगडाबाहेर. ठेकेदाराने एका धावड्याच्या खोडावर थाप मारली, जशी बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात. मामाजींच्या हातात नारळ होता, जागेचं पूजन करायला. त्यांनी बोलायला सुरुवात केली. देवीची सेवा, गावाची शोभा, पुढच्या पिढ्या. चांगलं बोलत होते. मी मान डोलावत होते.

"भाऊ."

आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही कुठून आला. आत्याबाई पुढे सरकल्या होत्या. डोकं उघडं, पांढरे केस मोकळे. सगळ्या गावासमोर, आपल्या नवऱ्यासमोर.

"भाऊ," त्या पुन्हा म्हणाल्या, आता मोठ्याने, आणि सरळ मामाजींच्या तोंडाकडे बघत. "माही बोयवण राह्यली."

माहेरवाशीण सासरी परत निघाली की भाऊ तिला साडी-चोळी, काहीतरी देऊन वाटेला लावतो. ती बोळवण. ती न देता बहिणीला धाडणारा भाऊ गावात तोंड दाखवू शकत नाही. हे सगळं त्या एका शब्दात होतं. आणि तो शब्द बायको नवऱ्याला म्हणत होती.

मामाजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांचा तोलून बोलणारा काटाच मोडला होता.

"काय बोलून राह्यली? मी कोण हाय तुहा?"

"घरी कोण हायेस ते घरी," आत्याबाई म्हणाल्या. "इथं मी गावची लेक. मंगयवार हाय आज. मंग तू कोण? गावचा लेक. म्हंजे भाऊच की."

"बराबर हाय!" सुईण म्हातारी ओरडली. "माह्या हातावर आला तू. दगडाच्या आत सासर नाई, मीच सांगतो. ह्या तुह्या बहिणीच हायेत साऱ्या."

आणि तेव्हा मी हसले. कुणाची बाजू घेऊन नाही. मी कोळशाच्या बाजूची होते, पक्की. पण सासऱ्याला सासू भाऊ म्हणते आहे आणि सासरा बैठकीत उभा राहून विचार करतो आहे की आपण आपल्या बायकोचे कोण, हे डोळ्यांसमोर घडत असताना न हसणं मला जमलं नसतं. ते हसू बाहेर आलं तेही घोड्याच्या खिंकाळण्यासारखं. नवी सून, सगळ्या गावासमोर, सासऱ्यासमोर. माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. पण हसू संसर्गजन्य. आधी बायका, मग मागची तरुण पोरं, मग एक पंच, आणि मग सगळी बैठकच. ठेकेदार तेवढा हसत नव्हता. तो बाहेरगावचा, त्याला कळेना.

"काय पाह्यजे तुले बोयवणीत?" मामाजींनी शेवटी विचारलं. विचारलं म्हणजे भाऊपण कबूल झालं. ते त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

"हे झाडं," आत्याबाई म्हणाल्या. "अन् ही सावली. बस."

मामाजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं, गावाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. "देल्ली," ते म्हणाले. "साऱ्या गावादेखत देल्ली. आता बोयवण काय माहेरी ठेवतेत का? उचल अन् ने सासरी. तोडून गाडीत भरून देतो पाह्यजे तर."

पुरुषांच्या बाजूने 'वा' झालं. ठेकेदाराला एवढं कळलं, तोही हसला. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी पहिल्यांदा मला कोळसा नको झाला. आत्याबाईंचा उघडा चेहरा पाहिला आणि वाटलं, ही हरली तर हा चेहरा पुन्हा दिसणार नाही.

आत्याबाईंनी वर पाहिलं, झाडांकडे. मग खाली, पाचोळ्याकडे.

"नेली असती रे भाऊ," त्या म्हणाल्या. "पण इथून पान बी बाहेर नेता येत नाई. तुलेच ठाऊक हाय. मंग राहू दे तुह्याजवळच. सांभाय."

आता मात्र सुईण म्हातारी काठी टाकून नाचायचीच बाकी होती. कुणी काय बोलणार? दान झालेलं, गावादेखत झालेलं, आणि नेता न येणारं. मामाजी दोन पावलं पुढे आले आणि पूजनाला आणलेला तो नारळ त्यांनी आत्याबाईंच्या पदरात टाकला. माहेरी लेकीची ओटी भरतात तसा. नारळ तिथेच फोडला. खोबरं बनातच खायचं म्हणून तिथेच सगळ्यांना वाटून दिलं, ठेकेदारालाही. त्याने ते चावलं, पण त्याला गोड लागलं नसावं.

गाव हे गाव असतं. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी हिशेब मांडला. सरपंच बायकोचा भाऊ झाला. बायकोचा भाऊ म्हणजे साळा. म्हणजे सरपंच सोताचाच साया झाला! हे मामाजींच्या मागे मरेपर्यंत लागलं. बाजारात भाजीवाला विचारी, "काय सरपंच, साया कसा हाय तुमचा?" आणि मामाजी, तेच वजनावर शब्द विकणारे मामाजी, म्हणत, "बरा हाय. थोडा येडा हाय, पण दिलदार हाय."

ठेकेदाराने उरलेला डोंगर नेला. त्याला दोष देत नाही. त्याने विकत घेतलेलं त्याने तोडलं. आणि तो कोळसा घेणारी मीच होते की! दिवाळीला खामगावला गेले तेव्हा आईच्या शेगडीत तोच कोळसा होता. धावड्याचा, ठणठणीत, हातात घेतला तर धातूसारखा वाजणारा. त्याच्यावर अनारसे तळले. मध्येच चिमट्याने एक निखारा उलटला तर त्याच्या आत झाडाच्या वर्षांच्या कड्या दिसल्या, एकात एक, लाल. बघता बघता राख झाल्या. कुठल्या उतारावरचं झाड होतं कोण जाणे. इथे सासरी आमच्या अंगणातून तो डोंगर दिसतो. तो तेव्हापासून बोडकाच आहे. मधल्या काळात त्याच्यावर किती वेळा रोपं लावली, किती पाट्या लागल्या. पाट्या जगल्या.

मागच्या वर्षी माझी नात आली होती, कॉलेजातून, फीत घेऊन. बनातल्या एकेका झाडाला मिठी मारत घेर मोजत होती. मी उंबराखाली बसून पाहत होते. म्हटलं, "काय शोधते गं?"

"आजी, झाड हवेतला कार्बन ओढून घेतं आणि त्याचंच लाकूड बांधतं. जेवढं जुनं, जाड झाड, तेवढा कार्बन आत साठलेला. तोडून जाळलं की तो सगळा पुन्हा हवेत. म्हणून अशी जुनी बनं राखली पाहिजेत."

"म्हणजे कोळसाच की," मी म्हटलं. "उभा कोळसा."

ती थांबली. "हो गं. तसंच म्हण."

मग ती गुडघ्यांवर बसली आणि पाचोळा बाजूला करून खालची काळी माती चिमटीत घेतली. म्हणाली, यातही आहे. पानं कुजून, मुळं मरून, वर्षानुवर्षं मातीत जमा झालेला. लोक झाडं मोजतात आणि ही माती विसरतात. हा पाचोळा कुणी झाडून नेला असता तर इतकी माती झालीच नसती. मी तिला माझ्या झाडूची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की हातातली फीत गुंडाळत परत डबीत गेली आणि मोजलेलं विसरली.

घरी येताना ती म्हणाली, "पणजीला हे सगळं माहीत होतं बघ. आपले पूर्वज किती शहाणे होते."

मी तिला तिथेच थांबवलं. नव्हतं माहीत, बाई. पणजीला कार्बन ठाऊक नव्हता, हवा ठाऊक नव्हती, डोंगरापलीकडचं जग ठाऊक नव्हतं. तिला पाय पसरून बसायला एक जागा पाहिजे होती. तिच्या नावाने उद्या कुणी भाषण ठोकलं, की या माउलीने पृथ्वी वाचवली, तर ती पदर ओढून म्हणाली असती, 'काऊन गरिबाची थट्टा करता?' तिने स्वतःपुरतं मागितलं. पण तिला जे पाहिजे होतं ते झाडं उभी असल्याशिवाय मिळत नव्हतं, एवढीच त्यातली गोष्ट. डोंगराकडून कुणाला असं काही नको होतं, म्हणून डोंगर गेला. नातीने वही काढून उघडली आणि तशीच मिटली. तिच्या वहीत हे कुठे बसेना, असं मला वाटलं.

मी याचा पुष्कळ विचार करते. आता आमच्या गावात कुठली सून डोक्यावर पदर घेते? माझी सून तर मला घरातच 'तुम्ही गप्प बसा हो' म्हणते, तिला बनात जायची गरज काय? बरंच झालं ते. पण मग बनाची गरज कुणाला उरली? फीतवाल्या पोरीला उरली, तेवढं ठीक. नुसत्या मोजण्यावर झाडं किती वर्षं उभी राहतील ते मला सांगता येत नाही. कुणाला तरी तिथे बसावंसं वाटलं पाहिजे. मी अजून जाते. गुडघे कुरकुरतात, नात म्हणते पडशील. पडले तर पडले. बनात पडलेलं बनातच राहतं, ही तर तिथली रीतच आहे.

त्या बैठकीनंतरच्या मंगळवारी आम्ही बनात गेलो तेव्हा मला वाटलं होतं आज मोठा जल्लोष होणार. आत्याबाईंना बायका डोक्यावर घेतील, त्या पुन्हा पुन्हा ते सगळं सांगतील. मी तर हसायची तयारी करूनच गेले होते. तसं काही झालं नाही. आत्याबाईंनी पदर खांद्यावर टाकला, एका अंजनाखाली पाचोळा थोडा हाताने सारखा केला, आणि कुशीवर वळून आडव्या झाल्या. 'जरा पाठ टेकतो' म्हणाल्या आणि दोन श्वासांत त्यांना गाढ झोप लागली. तोंड थोडं उघडं. पायांची बोटं मधूनच हलत होती.

घरात मी त्या बाईला झोपलेली एकदाही पाहिली नव्हती. बायका हळू आवाजात बोलू लागल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्या गालाकडे निघालेली एक मुंगी पानाने बाजूला केली. मग आणखी एक आली. ऊन उतरेपर्यंत मला तेवढंच काम होतं.